‘तो’ कोण?

जपानी माणूस बोलायला लागला की मान डोलवायची घाई करू नये. वाक्य संपेपर्यंत ते नेमकं कुणाचं आहे याचा पत्ता लागत नाही. ‘पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचा पगार दुप्पट होणार’ एवढं बोलून समोरचा श्वास घेतो. तेवढ्यात आपण मनातल्या मनात नवा फ्रीज घेऊन जुना कुणाला द्यायचा तेही ठरवून टाकतो. मग तो म्हणतो, ‘तो’. म्हणजे ‘असं’. आणि त्याच्या मागून क्रियापद येतं. असं कुणीतरी म्हणालं. असं कुणाला तरी वाटलं. असं कुठेतरी लिहिलं होतं. पुढारी बोलत असेल तर, असं मी म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘तो वा इत्ते इनाइ’ म्हणजे ‘असं काही म्हटलेलं नाही’, हा शेपटीचा तुकडा तर तिकडच्या तरुणांनी इंटरनेटवर विनोदासाठीच वापरायला घेतला आहे. आधी मोठी थाप ठोकायची आणि मग कंसात हळूच लिहायचं, ‘असं म्हटलेलं नाही’.

हा ‘तो’ दिसायला एका अक्षराचा, पण त्याच्या नोकऱ्या पुष्कळ. ‘पान तो तामागो’ म्हणजे पाव आणि अंडं, तिथे तो ‘आणि’. मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेलं तर तो ‘बरोबर’. वसंत आला की फुलं फुलतात, यातला ‘आला की’सुद्धा तोच. आणि उरलेल्या वेळात तो दुसऱ्यांची वाक्यं वाहून नेतो. एकाच माणसाला इतकी कामं कशी जमतात असा प्रश्न मला तरी पडला नाही, कारण आपला ‘की’ काही कमी नाही. ‘पाऊस आला की सांग’ आणि ‘तो म्हणाला की येतो’ ही दोन्ही कामं तो बिनबोभाट करतो, आणि वर ‘चहा की कॉफी’ विचारायलाही हजर असतो.

‘मिन्ना नो निहोंगो’ नावाचं एक पाठ्यपुस्तक आहे. जगभर जपानी शिकणारे लोक त्यातल्या मिलर-सानला सख्ख्या भावापेक्षा जास्त ओळखतात. या पुस्तकात ‘मला असं वाटतं’ आणि ‘तो असं म्हणाला’ हे एकविसाव्या धड्यात येतं. तोपर्यंतच्या वीस धड्यांत मिलर-सान सफरचंदं विकत घेतो, सकाळी लवकर उठतो, ट्रेनने जातो, मित्राला टाय भेट देतो, पण त्याला कशाबद्दल काही वाटत मात्र नाही. कुणी काय म्हणालं तेही तो सांगू शकत नाही. महाराष्ट्रात असं पुस्तक कुणी काढलं असतं, तर पहिल्या धड्यात ‘मला विचाराल तर’ आणि दुसऱ्यात ‘ती काय म्हणाली ऐकलंस का’ आलं असतं. सफरचंदं एकविसाव्या धड्यात.

मी हे सगळं तोक्योत शिकले, निशि-कासाईत. त्या भागात भारतीयांची वस्ती इतकी आहे की हिंगासाठी कुणाची वाट बघावी लागत नाही. हा एदोगावा वॉर्ड, आणि त्याच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडूनही गेला. वॉर्डातल्या एका सभागृहात निवृत्त शिक्षिका परदेशी लोकांना जपानी शिकवायच्या. आम्ही तिघं विद्यार्थी: एक चिनी आचारी, एक नेपाळी मुलगा आणि मी. ‘तो’चा धडा आला तेव्हा आचारी घामाघूम झाला. चिनीत आधी ‘तो म्हणाला’ येतं आणि मग म्हणणं. इथे म्हणणं आधी, मग ‘तो’, मग ‘म्हणाला’. मी मात्र सासरच्या वर्गात माहेरची मैत्रीण भेटावी तशी खूश झाले. ‘येतो असं म्हणाला’, ‘येतो म्हणून सांगितलं’, हे आम्ही जन्मापासून बोलत आलो. माझं माहेर सांगलीचं, तिथून चार पावलं दक्षिणेला गेलं की कानडीतला ‘अंत’ हेच काम करतो. तेलुगूत ‘अनि’. हैदराबादी बोलीत ‘आता हूँ बोलके बोला’. आणि या सगळ्यांच्या आधी संस्कृतातला ‘इति’ वाक्याच्या शेवटी बसून होताच. इतक्या मोठ्या गोतावळ्यात एका जपानी अक्षराची भर पडली, एवढंच.

एक मात्र नवीन होतं. ‘तो’च्या आधी येणाऱ्या वाक्याचा आदर काढून घ्यायचा. माणूस मूळचा कितीही अदबीने बोललेला असो, त्याचं म्हणणं सांगताना आतलं वाक्य घरच्या लेंग्यात आणि बाहेरचं क्रियापद कोटटायमध्ये. बाई फळ्यावर लिहून दाखवायच्या आणि मागे वळून, मान किंचित तिरकी करून विचारायच्या, ‘कळलं असं वाटतं का?’

बोलण्यात अवतरणचिन्हं नसतात. जुन्या जपानी लेखनातही नव्हती. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या बाईंनी ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली, त्यात दरबारी लोक ओळीओळीला एकमेकांशी बोलतात, मनात झुरतात, कविता पाठवतात, आणि कुठेही अवतरणचिन्ह नाही. ‘तो’ आला की कळतं, इथे बोलणं संपलं. सुरू कुठे झालं ते ज्याचं त्याने ओळखायचं. आज छापील आवृत्त्यांत ते कोनाड्यासारखे जपानी कंस दिसतात, ते संपादकांनी घातलेले. बंद करायचा कंस सोपा. उघडणारा कंस कुठे ठेवायचा यात मात्र विद्वानांची गाडी अडू शकते. मला यात नवल वाटलं नाही. मी वाड्यात वाढले. वाड्यात कुठलीही बातमी कुणाच्या दारात येऊन संपली हे सगळ्यांना ठाऊक असायचं. कुठून निघाली म्हणून कुणी विचारलंच, तर चार बिऱ्हाडं एकदम नळावर पाणी भरायला जायची.

इथपर्यंत माझं आणि ‘तो’चं उत्तम चाललं होतं. खटका उडाला तो मनाच्या बाबतीत.

‘तो ओमोइमासु’ म्हणजे ‘असं वाटतं’. कुणाला? फक्त बोलणाऱ्याला. कर्ता बोलायची गरजच नाही, कारण हे क्रियापद असं साधं वापरलं की वाटणारा माणूस मीच. ‘नवरा दमला तो ओमोइमासु’ म्हटलं तर नवऱ्याला काय वाटतं ते त्यात येत नाही. तो दमला असावा, असं मला वाटतं, एवढंच. दुसऱ्याच्या वाटण्याबद्दल बोलायचं तर क्रियापदाचं रूप बदलून ‘ओमोत्ते इमासु’ म्हणायचं: त्याला सध्या असं वाटत आहे, असं बाहेरून कळलेलं आहे. आणि बाहेरून कळायला काहीतरी घडायला हवं. त्याने बोलायला हवं, निदान लिहायला हवं.

बाईंनी घरातल्या माणसांवर वाक्यं करायला सांगितली. मी म्हटलं, “सासूबाईंना वाटतं की मी भात कच्चा ठेवते.”

“अस्सं. त्या तसं म्हणाल्या का?”

“म्हणाल्या नाहीत.”

“मग?”

“भात कालवताना त्यांनी एक शीत बोटाने बाजूला सारलं.”

बाईंनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाल्या, “मग ‘तसं वाटत असल्यासारखं दिसतं’ म्हणा.”

मी हटून बसले. दिसतं कसलं? मला माहीत आहे! आमच्याकडे दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं ही काही विशेष विद्या नाही, ते अक्षरओळखीच्या आधी येतं. ताटातली पोळी कुणी अर्धी टाकली, चपला कुणी कुठल्या दिशेला काढल्या, फोन किती वेळ वाजू दिला, यावरून आमच्या आजीने लग्नं जमवली आहेत आणि दोन मोडलीही आहेत. ‘तिला मनातून काय वाटतं ते मला विचार’ हे वाक्य आमच्या घरात दिवसातून जितक्या वेळा ऐकू यायचं, तितक्या वेळा घड्याळाचे टोलेही पडत नसत. आणि इथे एक अख्खं व्याकरण मला सांगतंय की बाई गं, तुला फक्त तुझ्या मनातलं ठाऊक आहे.

हे नुसत्या वाटण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. हवं-नकोचंही तेच. ‘मला जायचंय’ हे सरळ ‘इकिताइ’. पण ‘त्याला जायचंय’ याला सरळ वाट नाही. ‘इकितागात्ते इरु’ म्हणायचं, म्हणजे त्याच्या वागण्यात जाण्याच्या इच्छेची लक्षणं दिसतात. दुःख, भीती, सगळ्यालाच ही ‘गात्ते इरु’ची पट्टी. पोर दुकानासमोर रस्त्यावर गडाबडा लोळतंय, आइस्क्रीमच्या नावाने टाहो फोडतंय, आजूबाजूचे लोक थांबून बघतायत, आणि व्याकरण शांतपणे म्हणतं, त्याला आइस्क्रीम हवं असल्याची लक्षणं आढळतात. कादंबरीकारांना म्हणे यातून सूट आहे, ते पात्राच्या मनात सरळ शिरू शकतात. म्हणजे जपानमध्ये आमची आजी व्हायचं असेल तर आधी कादंबरी लिहायला बसलं पाहिजे.

अशात सांगलीहून आत्या आली. साकुरा बघायला म्हणून आली, पण फुलं तिने एका दुपारीत उरकली. (“छान आहे. वास नाही.”) तिला रस माणसांत. शेजारी एक आजीबाई राहायच्या, आत्याच्याच वयाच्या. कचरा टाकताना दोघींची गाठ पडली आणि मग रोज पडू लागली. दोघींच्या मध्ये मी. दुभाष्याचं काम दुसरं काय असतं? चालता-बोलता ‘तो’च. या म्हणतात तो, त्या म्हणतात तो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून घेतलं.

“काय गं, हा तो कोण?”

“कोण तो?”

“तेच विचारतेय. ती सारखी ‘तो-तो’ करत असते. तिचा नवरा का? तू तर म्हणालीस, वारला.”

मी समजावलं. ‘तो’ म्हणजे ‘असं’, माणूस नव्हे. आत्याने ऐकून घेतलं, पण तिचं समाधान झालं नाही. आत्याच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘हे’ आणि ‘ते’वर संसार झाले. एवढ्या वेळा उल्लेख होणारा इसम नुसता अव्यय आहे, हे तिच्या पचनी पडणं कठीण होतं. “बरं,” ती म्हणाली, “तू म्हणतेस तर.” हे ‘तू म्हणतेस तर’ जपानीत कसं सांगायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

मग एका संध्याकाळी आजीबाईंनी बोलावणं केलं. दारात येऊन, दोन्ही हात पुढे जुळवून म्हणाल्या, “ओचा देमो दोओ काना तो ओमोत्ते...” आणि थांबल्या. वाक्य तिथेच. ‘चहाबिहा घ्यावा की काय, असं वाटून...’

“काय म्हणते?” आत्या.

“म्हणतायत, चहा घ्यावा की काय असं वाटून.”

“वाटून काय?”

“पुढे काही नाही.”

“म्हणजे बोलावतेय की नाही बोलावत?”

बोलावत होत्या. पण जपानीत आमंत्रण असं तोंडावर फेकत नाहीत. मनात एक विचार आला होता, तो तुमच्या उंबऱ्याशी आणून ठेवला, आता घ्यायचा तर घ्या. आत्याने लगेच आपलं ठेवणीतलं काढलं, “कशाला उगीच त्रास!” आमच्याकडे याचा अर्थ ‘येतोच’ असा होतो. मी ते आदबशीर जपानीत सांगितलं. आजीबाई “त्रास कसला” म्हणाल्या, आत्या “नाही हो, खरंच” म्हणाली, आणि दोन देशांतल्या दोन बायका न येण्याचा आग्रह करत करत चपला काढून आत शिरल्या. चहाबरोबर लाल चवळीसारख्या दाण्याच्या गोड पुरणाचे लाडू होते. आत्याने एक खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला, आणि आजीबाईंची सून खोलीत येऊन वाकून गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, “हिचं आणि सासूचं पटत नाही. हिला वेगळं राहायचंय. सांग तिला, वेगळं राहू दे.”

एवढ्या मजकुराला मला किती ‘गात्ते इरु’ आणि ‘असल्यासारखं दिसतं’ लावावे लागले असते याचा मनाशी हिशेब केला आणि म्हटलं, “आत्या म्हणते, लाडू फार छान आहे तो.”

आजीबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, एकदा सून गेली त्या दाराकडे. मग हलकेच हसल्या. त्यांना काय वाटलं ते मी सांगू शकत नाही, व्याकरणात बसत नाही.

ऑफिसात ‘तो’ला आणखी एक पदर आहे. ‘म्हणाले’ याला जपानीत मोठ्यांसाठी ‘ओश्शारु’ हे वाकून केलेलं क्रियापद आहे आणि आपल्यासाठी ‘मोऊसु’ हे त्याहून खाली वाकून केलेलं. स्वतःचं नावही ‘अमुक तो मोऊशिमासु’ असं सांगायचं: अमुक म्हणतात मला, माझा त्यात काही दोष नाही. साहेब मला काही म्हणाले, तर मी ऑफिसात ‘ओश्शारु’ लावते. पण तेच साहेबांचं म्हणणं बाहेरच्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगायचं, तर साहेब आपल्या बाजूचे झाले, म्हणून ‘सान’ काढून टाकायचं, नुसतं आडनाव, आणि ‘मोऊशिते ओरिमासु’. आत्याने मी घरून फोनवर बोलत असताना हे ऐकलं. अर्थ कळल्यावर ती हादरलीच. “साहेबाला परक्यासमोर अरे-तुरे?” आत्याचे यजमान घरात तिच्याकडून वाट्टेल ते ऐकून घेतात, पण दारात कुणी आलं की ‘हे जरा पडलेत’. घरात अरे आणि परक्यासमोर अहो, हा आमचा रिवाज. जपानने तो बरोब्बर उलटा करून घातला आहे.

संध्याकाळच्या बातम्यांत तर ‘तो’ कुठल्याच माणसाला चिकटत नाही. ‘तो मिरारेते इमासु’, म्हणजे ‘असं समजलं जात आहे’. आग विजेच्या तारेमुळे लागली असं समजलं जात आहे. वादळ वळेल असं समजलं जात आहे. कोण समजतंय, कळायला मार्ग नाही. इतकंच काय, निसर्गही ‘तो’ लावून बोलतो. पाऊस ‘झाआझाआ तो’ कोसळतो, दार ‘बातान तो’ आपटतं, म्हणजे आपलं धाडकन. कळस म्हणजे शांतता. सगळीकडे चिडीचूप झालं की ते म्हणतात ‘शीन तो’. शांततेने काही म्हटलेलं नसताना तिच्याही तोंडी एक ‘शीन’ घालून पुढे ‘असं’ लावून मोकळे.

बोलीभाषेत या ‘तो’चा एक धाकटा भाऊ आहे, ‘त्ते’. बोलायला सोपा आणि स्वभावाने उनाड. ओसाकाकडचे लोक बोलताना पुष्कळदा ‘तो’ गिळूनच टाकतात, नुसतंच ‘येतो म्हणत होता’. पण तोक्योची पोरं ‘त्ते’वर वाढतात. वाक्याच्या शेवटी ‘त्ते’ लावला आणि पुढचं क्रियापद खाल्लं की झालं आपलं ‘म्हणे’. ‘आमे दा त्ते’, पाऊस आहे म्हणे. थोडा जोर दिला तर ‘इकु त्तेबा!’, जातो म्हटलं ना! ‘अमुक त्ते’ म्हणजे ‘अमुक म्हणजे काय रे भाऊ?’ पुढच्या परीक्षांमध्ये ‘तो इत्तेमो’, ‘तो इउ योरि’, ‘तो इउ नो वा’ अशी रांगच लागते. बाकीचे विद्यार्थी त्यांचे तक्ते करून भिंतीला लावतात. मी मनात ‘म्हटलं तरी’, ‘म्हणण्यापेक्षा’, ‘म्हणजे’ असं म्हणून पुढे जाते.

आमची लेक इथल्या बालवाडीत जाते. घरात मराठी, बाहेर जपानी, आणि दोन्हींच्या मध्ये तिने आपली सोय केली आहे. मराठी वाक्य बोलायचं आणि शेवटी ‘त्ते’ जोडायचा. “उद्या डबा न्यायचा त्ते.” “बाबांना उशीर होणार त्ते.” “सेन्सेई म्हणाली, भांडायचं नाही त्ते.” आत्याला हा शब्द पहिल्या फटक्यात आवडला. ‘तो’वर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, पण ‘त्ते’ तिने तोंडात घोळवून पाहिला आणि पुडीत बांधून सांगलीला घेऊन गेली.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

“अगं, समोरच्या वाड्यातल्या धाकटीचं लग्न जमलं त्ते.”

“कुणी सांगितलं?”

“त्ते म्हटलं ना! आता आणि ‘कुणी’ कशाला विचारतेस?”

“मुलगा काय करतो?”

“पुण्याला असतो त्ते. स्वतःचा फ्लॅट आहे त्ते. आईबाप गावाकडेच राहणार त्ते.”

मागून आतोबांचा आवाज आला, “अगं, पण मुलीला पसंत आहे का, ते सांग.”

आत्या क्षणभर थांबली. मग मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “आवडल्याची लक्षणं दिसतायत, एवढंच म्हणता येईल. पण तिच्या आईला मनातून हा मुलगा मुळीच पसंत नाही, ते मी तुम्हाला लिहून देते.”